डाव्या खिडकीतलं कोपर

विंध्य मोटर्सचं नाव निघालं की संध्याबाई तायडे पदर झटकायच्या, जणू कुणी अंगावर झुरळ टाकलं. "गाड्या बनवते म्हणे! थापा बनवते थे. गाड्या तं त्याहिच्या हातून चुकून होते," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्यांच्या गल्लीला ते पाठ होतं. त्यामागचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. पटलेलं मात्र कुणालाच नव्हतं.

कारण असं. चाळीसेक वर्षांपूर्वी, इथं बांधकाम खात्यात नोकरी लागायच्या आधी, संध्याबाई पुण्याला या विंध्यच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायच्या कामावर होत्या. त्या काळी कंपनीला रॅलीचं खूळ लागलं होतं. रॅली म्हणजे डोंगरातल्या कच्च्या रस्त्यानं घड्याळाशी भांडत गाडी हाणायची. एकानं चालवायची आणि दुसऱ्यानं डावीकडं बसून पुढचं वळण ओरडून सांगायचं. चालवणारा होता मालकाचा पुतण्या ललितसाहेब. त्याच्या शेजारी जो बाप्या नेमला होता, तो तिसऱ्या वळणाला ओकायचा. संध्याबाई ओकत नव्हत्या. त्यांचे वडील पुंजाजी एसटीत ड्रायव्हर, परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात गाडी न्यायचे, आणि ही पोर इंजिनाच्या झाकणावर बसून बापाला वळणं सांगत वाढलेली. ललितसाहेबानं तिला एकदा शेजारी बसवून पाहिलं आणि परत उठवलं नाही. हिमाचलातली ती रॅली विंध्यनं जिंकली ती या बाईच्या ओरडण्यावर.

मग कंपनीचं कॅलेंडर निघालं. चिखलानं माखलेली पांढरी गाडी, बॉनेटला टेकून हसणारा ललितसाहेब, हातात चषक. आणि डाव्या खिडकीतून बाहेर आलेलं एक कोपर. बस्स, कोपरच. त्याच्या मागचं माणूस कापून टाकलेलं. संध्याबाईंनी त्याच महिन्यात राजीनामा तोंडावर फेकला, कंपनीला कोपरापासून नमस्कार केला आणि अकोल्याची गाडी धरली.

इथं आल्यावर मात्र त्यांनी एक चूक केली. "थे कोपर मायं हाय," असं गल्लीला सांगून बसल्या. झालं! गल्लीनं त्या कोपराचं लोणचं घालून ठेवलं आणि चाळीस वर्षं चवीचवीनं खाल्लं. पोट्टे त्यांना कोपरमावशी म्हणायचे. शेजारची मनकर्णाबाई तर विचारूच नका. उभी हयात बाजारात वांगी विकलेली बाई, जीभ विळ्यासारखी. "संध्ये," ती म्हणायची, "मायं बी एक कोपर राष्ट्रपतीच्या फोटूत हाय वं. कापलं म्हणून दिसत नाही!"

संध्याबाई हसण्यावारी न्यायच्या, उलट दोन शब्द सुनावायच्या. पण आत ते सलायचं. मरायच्या आधी एकानं तरी म्हणावं की हो बाई, तू बसली होतीस त्या गाडीत. दुसरं काही नको होतं त्यांना. आणि हे कुणापुढं बोलून दाखवायला त्यांची जीभ कधी वळली नाही.

आता झालं काय, की याच मनकर्णाबाईच्या लेकानं, गोवर्धननं, वरूडच्या संत्र्यात पैसा कमावला आणि अमरावतीला बडनेरा रोडवर गाड्यांची एजन्सी घेतली. कुणाची? विंध्यचीच! उद्घाटनाला कंपनी पुण्याहून ती रॅली जिंकलेली गाडी पाठवणार होती, लोकांना बघायला.

"चाल," मनकर्णाबाई म्हणाली. "तुयं कोपर पाहून येऊ."

"मी नाही येत. त्या चोट्ट्याहिचं तोंड नाही पाहा लागत मले."

"भेली का?"

"मी काहून भिऊ? त्या गाडीच्या डाव्या दारावर नाव हाय मायं! पेंटरनं निळ्या रंगात काढलं होतं. वर ललित, खाली संध्या. कॅलेंडरात चिखलाखाली गेलं म्हणून, नाहीतं..."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मनकर्णाबाईचे डोळे चमकले. "मंग तं यावंच लागते तुले," ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं की कोपराला आता नावही फुटलं आहे. जीप भरून बाया अमरावतीला निघाल्या.

शोरूम म्हणजे काचेचा लखलखाट. दारात गुलाबपाणी, आत कॉफीचं मशीन, आणि टाय लावलेली पोरं अशी हसत होती जशी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी त्यांची सोयरीक जुळायची आहे. एका भिंतीवर कंपनीचा इतिहास लावला होता. पहिलं चित्र रॅलीचं, तेच कॅलेंडरातलं. पुढची चित्रं टूरिंग कार रेसिंगची, म्हणजे रस्त्यावरच्याच गाड्या आतून रिकाम्या करून ट्रॅकवर एकमेकींना घासत पळवायच्या. त्यातही विंध्यनं म्हणे दैदीप्यमान कामगिरी केली होती.

"दैदीप्यमान!" संध्याबाई मोठ्यानं म्हणाल्या. "नववा नंबर आला होता. दहा गाड्या होत्या."

मध्यभागी, लाल दोराच्या आत, ती गाडी. संध्याबाई दोरापर्यंत पुढं गेल्या. पांढरी, बुटकी, खिडक्यांपर्यंत चिखलात लडबडलेली. इतकी वर्षं शिव्या घातल्या त्या कंपनीला. गाडीचा राग त्यांनी कधीच केला नव्हता. डोळे भरून आले आणि ते कुणाला दिसू नये म्हणून त्या पाटी वाचू लागल्या. पाटीवर लिहिलं होतं: हिमालयातला मूळ चिखल. कृपया स्पर्श करू नये.

"अवं, चिखलाले वार्निश मारलं हाय!" मनकर्णाबाई नाक दाबून म्हणाली.

"तो आपला वारसा आहे, आजी," एक तरुण पुढं आला. हा अंकुर, पुण्याहून गाडीबरोबर आलेला, कंपनीच्या वारशाचा साहेब. "हा चिखल आम्ही चाळीस वर्षं जपलाय. ही माती नाही, हा घाम आहे."

"मंग धुवा लागत होता," मनकर्णाबाई म्हणाली. तेवढ्यात पाहुणे आल्याची वर्दी आली आणि अंकुर दाराकडं धावला.

आणि इथंच त्याच्या घोड्यानं पेंड खाल्ली. कारण मनकर्णाबाईच्या हातात पूजेचं ताट होतं. लेकाच्या दुकानाची पहिली पूजा तिच्या हातानं व्हायची होती, आणि वऱ्हाडात सायकल जरी पुजायची तरी आधी धुतात. "अशा शेंबड्या गाडीले कुंकू लावू मी?" ती कडाडली. "बारशाले कोणी न आंघोळता पोर आणते का? ए पोट्ट्याहो! न्या हिले मांगं, अन् चांगली घासा!"

मालकाची आई. नाही कोण म्हणणार? पोरांनी दोर सोडला आणि गाडी ढकलत मागच्या धुलाईच्या ओट्यावर नेली. संध्याबाईंना खरं तर थांबवता आलं असतं. त्यांनी नाही थांबवलं. धू, बाई, धू, असंच त्यांच्या मनात चाललं होतं. मागं सगळी गल्ली मान वर करून उभी.

पाण्याचा जोर बसला तसे त्या मूळ हिमालयाचे पापड सुटू लागले. आधी मडगार्ड उघडं पडलं, मग डावं दार. पोरानं वरून खाली पाणी मारलं, फडकं फिरवलं.

दार कोरं होतं. ना ललित, ना संध्या. निळ्या रंगाचा ठिपकाही नाही.

पाठीमागून कुणीतरी फिस्सकन हसलं. एकीचं पाहून दुसरी हसली. "घ्या! कोपर बी वाहून गेलं!" मनकर्णाबाई म्हणाली, आणि सगळा ओटा खदखदला. संध्याबाईंचे कान तापले. साठी उलटलेली बाई, पण भर वर्गात छडी खाल्लेल्या पोरीसारखं त्यांना वाटलं. आपलंच डोकं फिरलं होतं काय? आपणच रचून सांगत होतो काय इतकी वर्षं?

त्यांनी पुढं होऊन डावं दार उघडलं आणि पायाखालचं मॅट उचललं. त्या रॅलीत एका दगडानं खालचा पत्रा फाडला होता, आणि त्यांनीच बिस्किटाच्या डब्याचं झाकण ठोकून ते भोक बुजवलं होतं. चार दिवस पाय ठेवले होते त्या झाकणावर. इथं पत्रा सपाट, अखंड, कुमारी.

"हात लावू नका!" अंकुर ओरडत आला. गाडीकडं बघून तो पांढराफटक पडला.

संध्याबाई सावकाश वळल्या. "खरी गाडी कुठी हाय रे?" त्यांनी विचारलं, पण हळू.

त्यानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग त्यांच्या हाताकडं, आणि त्यांना जवळजवळ ओढतच काचेच्या केबिनमध्ये नेलं.

"तुम्ही संध्या तायडे ना?" दार लावून तो म्हणाला. "मॅडम, मूळ गाडी रेसिंग विभाग बंद झाला तेव्हाच भंगारात गेली. ही त्याच मॉडेलची दुसरी, साताऱ्याच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. चिखल इव्हेंटवाल्यांनी लावलाय. पण लोकांना इतिहास दिसायला हवा ना!"

"इतिहास! अन् मले वळखलं कसं?"

त्यानं मोबाइल पुढं केला. तोच फोटो होता. पण पूर्ण. खिडकीत कोपर, कोपरामागं दंड, दंडामागं एक पोरगी. दोन वेण्या, कपाळावर धूळ, सगळे दात दाखवत हसणारी. संध्याबाईंनी स्वतःला इतकं हसताना नंतर कधी पाहिलं नव्हतं.

"काहून कापलं मले?"

"तेव्हाच्या जाहिरातवाल्यांना वाटलं, बाईनं वाट दाखवली म्हटल्यावर गाडी घेणार कोण." तो जरा लाजला, पण लगेच सावरला. "मॅडम, आता उलट आहे. आता हेच खपतं! तुम्ही फक्त माइकवर सांगा की ही तीच गाडी. दारावरच्या ज्या नावावरून बाहेर हसतायत, ते धुताना गेलं म्हणू. शेजारच्या रेडियमवाल्याला आत येतानाच मेसेज टाकलाय, तो पाच मिनिटांत तुमचं नाव कापून आणेल, दारावर लावू. आणि हा फोटो देशातल्या प्रत्येक शोरूममध्ये. पूर्ण."

काचेपलीकडं गल्ली उभी होती, अजून हसत. एक वाक्य, आणि ते हसू बंद. मनकर्णाबाईची बोलती बंद! खोटं सांगायचं नाही, त्यांना मोह झाला. पोटातून झाला. ते नाव खरंच होतं, ते कोपर खरंच होतं. मग पत्रा खोटा असला तर कुणाचं काय जातं? त्यांनी फोटोतल्या पोरीकडं पुन्हा पाहिलं. त्या पोरीला या डॉक्टरच्या गाडीत बसवायचं? चाळीस वर्षांमागं यांनी तिला कापलं, आणि आज चिटकवायला निघाले, तेही भाड्याच्या चिखलात. नाव मोठं, लक्षण खोटं. अन् त्यात आपण सामील व्हायचं?

"फोटो चांगला हाय," असं म्हणून त्यांनी मोबाइल त्याच्या हातात परत ठेवला आणि बाहेर आल्या.

दारातच रेडियमवाला भेटला, हातात निळी अक्षरं, धापा टाकत. "बाई, हे संध्या तायडे कुठी चिकटवू?"

"त्या वारसावाल्याच्या कपाळावर," संध्याबाई म्हणाल्या, आणि माइकपाशी गेल्या. गोवर्धन हातात कात्री घेऊन उभा होता, पाहुणे खुर्च्यांवर. तिकडं त्यांनी बघितलंही नाही.

"मी संध्या तायडे. रॅली जिंकली त्या गाडीत मी बसली होती. पण हे थे गाडी नव्हे. थे यांनी भंगारात देली. हे कोणाचीतरी गाडी हाय, अन् चिखल विकतचा हाय. माया नावाची अक्षरं कापून आणली होती इथं लावाले. ह्या गाडीवर मायं नाव नाही, कारण ह्या गाडीत मी कधी बसलीच नाही. गोवर्धन, बापू, तुयं दुकान चालो. पण पुजायची तं आपली नवी गाडी पूज."

माइकचं बटण बंद करायला अंकुर धावला तोवर बोलणं संपलं होतं. गोवर्धनचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं. टाळी एकही पडली नाही.

संध्याबाई पायऱ्यांवर येऊन बसल्या. गेलं सगळं, त्यांना वाटलं. नाव गेलं, फोटो गेला, आणि गल्लीला पुढची वीस वर्षं पुरेल एवढा चारा मात्र देऊन झाला. थोड्या वेळानं मनकर्णाबाई ताट घेऊन बाहेर आली आणि शेजारी टेकली.

"म्हणजे थे कोपर तुयंच होतं वं," ती म्हणाली.

"आता कसं पटलं?"

"मी जलमभर बाजारात बसली. खोटं बोलणारं माणूस फुकटचं कधी सोडत नाही." तिनं पदरानं डोळे पुसले. "मी लय हासली तुले, माय. बह्याड मी."

परतीच्या जीपमध्ये मनकर्णाबाई आपली नेहमीची पुढची जागा सोडून मागं जाऊन बसली. "तू पुढं बस, डावीकडं," ती म्हणाली. गल्लीतल्या बाया गुपचूप सरकल्या. संध्याबाईंनी काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं.

बडनेरा मागं पडलं तशी मागून मनकर्णाबाईनं हाक मारली, "संध्ये, पुढं काय हाय वं?"

संध्याबाईंनी रस्त्याकडं नजर लावली.

"उजवं वळण," त्या म्हणाल्या. "मंग पूल."