ओचोलाच्या जबड्याची फिल्म

किसुमूच्या आमच्या दवाखान्यात फिल्म छापायचा लेझर प्रिंटर झाकण उघडं टाकूनच चाले. सरोवराच्या दमट हवेत फिल्म आत अडकायची, आणि ती काढायला झाकण उघडलं की मशीन बंद. म्हणून एक्स-रेवाल्या अकेयोनं झाकणाखालच्या बटणावर चिकटपट्टी मारून झाकण लागलंय असं मशीनला पटवून दिलं होतं. मी शेजारी केसपेपर करतो. मला तिचं कौतुकच वाटे.

त्या दुपारी मटाटू मिनीबसच्या थांब्यावरचा दादा ओगवेनो हाताखालची दोन पोरं घेऊन आला. सकाळीच त्यानं ओचोला ड्रायव्हरचा जबडा पान्यानं फोडला होता. ओचोला वॉर्डात रक्त थुंकत होता आणि त्याची आई न्यारोंबो आमच्या खोलीत फिल्मसाठी ताटकळत होती. फिल्म दिसल्याशिवाय तक्रार लिहिणार नाही, असं पोलिसानं सांगितलं होतं.

"ए बाई, ती फिल्म इकडे."

"आत अडकलीय. हात घालू नकोस, रोलर तापलाय."

"चूल तर माझी बायकोही तापवते," म्हणत त्यानं हात घातला.

चर्र झालं. तळवा चिकटला तरी रोलर फिरतच राहिला, चिकटपट्टीची कृपा. अकेयोनं प्लग उपटला तेव्हा हात सुटला, कातडी मात्र आतच राहिली. पोरांनी अकेयोचं तोंड टेबलावर आपटलं, मला पोटात लाथ घातली आणि दादाला उचललं.

"येतो परत," एक जण म्हणाला. "पेट्रोल घेऊन."

"पोरी, दुसरी काढ पटकन," न्यारोंबो म्हणाली. "कॉम्प्युटरात आहे ना?"

"आहे. आधी रोलर निवू दे, आई."

"अगं, ते येतील."

"येऊ देत. घाईत हात कसा जातो ते पाहिलंस ना आत्ता?"

नाकातलं रक्त पुसत अकेयो बसून राहिली. रोलर निवल्यावर तिनं कातडी पुसून काढली, चिकटपट्टी सोलली, झाकण लावलं आणि मशीन पुन्हा तापायची वाट पाहिली. बाहेर मोटारसायकली थांबल्या. मी दाराला टेबल लावलं. शौर्य वगैरे काही नव्हतं; पळायला दुसरं दारच नव्हतं.

दाराची फळी तडकली तेव्हा फिल्म बाहेर आली. ती झग्यात खुपसून न्यारोंबो, एवढी म्हातारी बाई, खिडकीतून शेळीसारखी उतरली. मागोमाग आम्ही. पेटती बाटली प्रिंटरवर फुटली.

चौकीवर पोलिसानं फिल्म उन्हाकडे धरली. मोडलेला जबडा बराच वेळ पाहिला आणि न्यारोंबोला म्हणाला, "बस आई. मुलाचं पूर्ण नाव सांग."