अडखळण्याची तालीम

दुसऱ्या स्लाइडवर तो ‘गोदाम’ या शब्दाला अडखळला. आधी एक ग, मग दुसरा, मग डोळे मिटून, मान किंचित डावीकडे कलवून तिसरा. सभागृह श्वास रोखून बसलं. शब्द एकदाचा बाहेर पडला तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवला, ओशाळं हसला आणि टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरेपर्यंत तो पाणी प्यायला. पाणी कधी प्यायचं, तेही स्लाइडखालच्या टिपेत लिहिलेलं होतं.

“लहानपणी मला स्वतःचं नाव सांगता यायचं नाही,” तो म्हणाला. “आणि आज मी तुमच्यापुढे मालाच्या रचनेवर बोलतोय.”

लहानपणी तो खरं तर इतका बोलायचा, की शाळेत त्याला वेगळ्या बाकावर एकट्याला बसवत. तिथे तो बाकाशी बोलायचा.

पण गोदामात खोके कसे रचावेत हे सांगणारे सल्लागार पैशाला पासरी झाले होते. त्यांच्यातून उठून दिसायचं म्हणून तो एका ब्रँडवाल्या बाईंकडे गेला होता.

“तुमची जखम काय?” बाईंनी विचारलं होतं.

“अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय.”

“तशी नाही हो. आतली.”

“अपेंडिक्स आतच असतं.”

बाईंनी पेनाला टोपण लावलं. “लोक तुमचे खोके बघायला येत नाहीत. माणूस बघायला येतात. आधी माणूस आणा, मग प्रेझेंटेशन करू.”

माणूस त्याला आपल्याच जेवणाच्या टेबलावर सापडला. बायकोचा धाकटा भाऊ, लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, कळायला लागल्यापासून चाचरत बोलणारा. दर रविवारी जेवायला यायचा. त्याचा ओठ कुठे थरथरतो, मान कुठे वळते, हे नीट बघता यावं म्हणून आपला कथानायक त्याला ‘क’वर अडकवायला मुद्दाम विचारायचा, “काकडी घेणार की कोबी?” मेहुणा ‘दोन्ही’ म्हणून निसटायचा. तर हा पुन्हा, “आधी काय वाढू?”

“तुझ्या भाऊजींचं तुझ्यावर फार लक्ष असतं हं,” बायको कौतुकानं म्हणायची.

लोक उसनं अवसान आणतात. त्यानं उसनं अडखळणं आणलं. धंदा असा चालला, की नुसत्या खोक्यांवर बोलणारे जुने सल्लागार त्याला सभागृहाच्या दाराशी गाठून विचारू लागले, “काय हो, आम्हाला काय जमेल? बहिरेपण?”

एका शनिवारी दुपारी मेहुणा अवचित आला. बायको इस्त्री करत होती.

“भा... भाऊजी, तुमचा व्हिडिओ बघितला. ऑफिसात सगळे बघतायत.”

याचे कान तापले. आता शिव्या पडणार, या अंदाजानं त्यानं मान खाली घातली. पडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“मला शि... शिकवा,” मेहुणा म्हणाला.

“काय?”

“तुम्ही अडकलात की लोक टाळ्या वाजवतात. मी अडकलो की घ... घड्याळ बघतात. यात फरक काय, तेवढं शिकवा. विभागप्रमुखाची जागा निघालीय. डायरेक्टरांपुढे प्रेझेंटेशन आहे. दरवेळी माझं काम पुढे जातं आणि मी मा... मागे राहतो.”

बायकोनं इस्त्री उभी करून ठेवली. नवऱ्याकडे बघितलं.

‘नाही’ म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं. म्हणून त्यानं शिकवलं. ज्याची जीभ जन्मात कुठे ठेचकाळली नव्हती तो, जन्मभर ठेचकाळणाऱ्याला सांगत होता, “असं नाही. तुझं फार खरं वाटतं, लोक घाबरतात. अडकलास की खाली बघ. मग छातीवर हात. मग हसू.” मेहुणा मन लावून तालीम करत होता. एकदा तो मध्येच सलग बोलून गेला, तेव्हा यानं त्याला चक्क टोकलं.

प्रेझेंटेशन झालं त्या संध्याकाळी मेहुणा आला आणि बूट न काढताच दाराशी टेकला.

“का... काय झालं माहितीय?” तो हसत होता. “दुसऱ्या स्लाइडवर अडकलो. छातीवर हात ठेवला. डायरेक्टरबाई म्हणाल्या, थांबा. हे तर त्या गोदामवाल्या वक्त्याचं आहे. व्हिडिओ बघितलाय आम्ही त्यांचा. दुसऱ्याचं व्यंग चोरून मोठं होता येत नाही, म्हणाल्या. स्व... स्वतःचं काहीतरी आणा.”

“अरे, मग सांगायचंस ना!” बायको म्हणाली. “की तुझं खरं आहे म्हणून!”

“तेच सांगत होतो, ताई. ‘ख... ख... खरं’वर अडकलो. सगळे हसले. म्हणाले, बघा, पुन्हा सुरू.”

“आणि हे तुझे भाऊजी आहेत, ते?”

“ते कसं सांगणार?” मेहुण्यानं बुटाची नाडी सोडायला घेतली. “मग यांच्याकडे काय रा... राहिलं असतं?”

“जागेचं काय?”

“दुसऱ्याला मिळाली. बोलतो चांगला.”

बायको स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर कशावर तरी झाकण पडल्याचा आवाज आला.

तो उठून मेहुण्याच्या समोर जाऊन बसला. जमिनीवरच. इतक्या जवळून त्यानं त्या चेहऱ्याकडे आजवर फक्त अभ्यासासाठी बघितलं होतं.

“माझं चुकलं,” तो म्हणाला. “मी तुझी गोष्ट चोरली आणि वर तुलाच ती वापरू दिली नाही. मला माफ कर.”

वाक्यं झरझर आली. कुठे खडा नाही, कुठे ठेच नाही. विराम जागच्या जागी, आवाज शेवटी किंचित खाली. त्याला स्वतःलाच ती ऐकवेनात.

मेहुणा नाडी हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. समोरच्याचा शब्द अजून आत कुठेतरी अडकलाय, घाई करू नये, अशा समजुतीनं तो थांबला होता.