ठकूबाईचं ताट

"मावशी, फॅट वाढलीय तुमची," कागदावर बोट ठेवून डॉक्टर स्नेहल म्हणाली, आणि ठकूबाईचा चेहरा उजळला.

"किती लागली?"

महाळुंगे पडवळ गावात फॅट वाढली की दुधाला भाव मिळतो. ही बातमी तिथं कुणी तोंड पाडून सांगत नाही. शेजारी बसलेले तिचे मालक गेणभाऊही हसले. पण डॉक्टरीण हसत नाही म्हटल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला. शाळेच्या ओसरीत शिबिर होतं. गेल्या आठवड्यात दोघांनी रक्त तपासायला दिलं होतं आणि गेणभाऊंचं सगळं ठणठणीत निघालं होतं.

"दुधातली नव्हे हो, रक्तातली. कोलेस्टेरॉल. अशानं हृदयाला धोका असतो. तुम्ही जेवता काय?"

"सकाळी ह्यांना भाकरी अन् पालेभाजी लागती. आयतवारी पोरगं येतं चाकणवरनं, मग मटण..."

"हे घरातल्यांचं झालं. तुम्ही काय खाता?"

ठकूबाईने गेणभाऊंकडे पाहिलं. उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोला जेवताना धड पाहिलंच नव्हतं. स्वतःचं उरकलं की ते ओट्यावर जाऊन सुपारी कातरत बसत.

"उरतं ते," ती शेवटी म्हणाली.

"मटणातलं काय उरतं?"

"तर्री उरती की. आन् पोरं चरबीचं तुकडं ताटाच्या कडंला सारत्यात, ते. इकतचं मटण, टाकून कसं द्यायचं? तळणाचं तेल उरलं तर त्याच्यातच आपली फोडणी."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. मग सावकाश म्हणाली, "मावशी, अधनंमधनं मटणाच्या दोन फोडी खा, नुसत्या. पण तर्री, चरबी आणि ते तळणाचं तेल बंद. आणि गोळी चुकवायची नाही."

दोघं घरी आली. त्या दिवशी रविवार होता; पोरगा येणार नव्हता, पण मटण सकाळीच शिजवून ठेवलेलं होतं. ठकूबाईने सवयीने त्यांचं ताट वाढलं.

"तुझंबी घे," ते म्हणाले.

"जेवा तुमी. माझं व्हईल मागनं."

"ताट घे म्हंतो ना."

"ताट कशाला? मी पातेल्यातच खाती. तेवढंच एक भांडं कमी घासाया."

"रोज?"

"मग!"

गेणभाऊंचा हातातला घास हातातच राहिला. दूध सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुणाला मत देणार हे आठ दिवस आधी सांगणारा माणूस, पण स्वतःच्या घरात दोन हातांवर काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. ते उठले, मांडणीवरचं ताट काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. पळीनं वरची तर्री बाजूला सारून खालच्या फोडी काढू लागले. कधी पळी धरलेली नव्हती, त्यामुळे निम्मा रस्सा चुलीवर सांडला.

"अवो... अवो, राहू द्या की," ठकूबाई नुसतीच हात पुढं-मागं करत राहिली.

"बस इथं."

ती त्यांच्याशेजारी बसली, पदर सारखा करत, अवघडून, नव्या नवरीसारखी. आजवर तिच्या वाट्याला कधी एखादी फोड आलीच, तर ती दुसऱ्या दिवशीची, दोन-तीनदा ऊन करून पार मऊ झालेली. ताज्या मटणाची फोड तिनं तोंडात घातली. चावली. पुन्हा चावली. बराच वेळ चावत राहिली.

"अवो, चिवट झालंय की हे."

"असतंय."

"आजच?"

"कायमच. तू पातेलं लवकर उतरवती."

ठकूबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "चाळीस वरसं? आन् बोलला न्हाई ते कधी!"

आपल्या ताटातली एक फोड गेणभाऊंनी बोटानं दाबून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. त्यातली जरा मऊ लागली ती उचलून तिच्या ताटात ठेवली.