पावणेआठची शिकवणी

भालचंद्रराव गेले, पण त्यांची शिकवणी काही बंद पडली नाही.

देशाची दारं उघडली आणि फरीदाबादच्या त्यांच्या कारखान्यानं लगेच इटलीतल्या एका कंपनीशी हातमिळवणी केली. यंत्रं तिकडून यायची, फोनही तिकडूनच. कुठलं यंत्र कोणत्या तारखेला, किती वाजता पोचणार, हे फोनवर समजून घेताना सगळ्यांची फे फे उडायची. म्हणून पन्नाशी उलटल्यावर भालचंद्ररावांनी कॅसेटी आणल्या आणि संध्याकाळी बाल्कनीत शाळा मांडली. विद्यार्थिनी कोण? बायको, सुहासिनी! दुसरी कोण सापडणार होती?

गजराच्या घड्याळाचे काटे फिरवून ते विचारत, "के ओरे सोनो?" किती वाजले?

ती डोकं खाजवून म्हणे, "ओत्तो मेनो उन क्वार्तो." आठाला पाव कमी. "अगं बाई! म्हणजे आपले पावणेआठच की हे!"

"मग! माणसं आपल्यातलीच आहेत," असं ते ऐटीत म्हणत, जणू इटली सातारा जिल्ह्यात होती.

नियम मात्र कडक. प्रश्न इटालियन, तर उत्तरही इटालियन. मराठीत सांगितलं तर ऐकूच आलं नाही असा चेहरा करायचे आणि पुन्हा तेच विचारायचे. भारी हट्टी माणूस.

वेळा जमल्या, तारखांपाशी गाडी अडली. गेल्या मे महिन्यात, बाहेर लूचे गरम वारे सुटलेले असताना, त्यांनी विचारलं, "क्वान्ती ने आब्बियामो ओज्जी?" आज तारीख किती? सुहासिनीला काही येईना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून फसफस ऐकू आली.

"थांबा हं, दूध उतू जातंय," म्हणत ती पळाली.

गॅस बंद करून परतली तर त्यांची मान खुर्चीवर कलंडली होती. डॉक्टर आले, त्यांनी नुसती मान हलवली.

वर्षश्राद्ध मुलानं, मानसनं केलं. दिल्लीत वाढलेलं पोर. वैशाख वद्य पंचमी एवढं त्याला पाठ होतं, वद्य म्हणजे कृष्ण हेही ठाऊक होतं. वाण्यानं दिलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात वैशाख कृष्ण पंचमी शोधली, इथल्याच पंडितजींना बोलावलं, सगळं यथासांग उरकलं. सुहासिनीला एकच गोष्ट खटकली. हे गेले तेव्हा जीव भाजून निघत होता, आणि श्राद्धाला अजून कूलरसुद्धा बाहेर काढला नव्हता. पण दुःखात कोण हिशोब करत बसतं?

त्याच आठवड्यात दिवेलागणीला ती बाल्कनीत दोरीवरचे कपडे काढत होती. मागून आवाज आला, अगदी नेहमीचा, घसा खाकरून.

"क्वान्ती ने आब्बियामो ओज्जी?"

तिच्या हातातला सदरा गळून पडला. खुर्ची रिकामी होती. घड्याळ, ज्याला वर्षभर कोणी चावी दिली नव्हती, पावणेआठ दाखवत होतं.

"तेवीस," ती कशीबशी म्हणाली. मग पुन्हा तोच प्रश्न.

"आई, शेजारचा केबल टीव्ही असेल यार," मानस म्हणाला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

रोज संध्याकाळी हेच. सुहासिनीनं कॅसेटी बाहेर काढल्या. भेंडी चिरताना, पोळ्या लाटताना ती आकडे घोकू लागली. एकदा उत्तर दिलं की सुटले बिचारे, असं तिला वाटत होतं.

मग पुण्याहून नणंदेचा, हेमलताचा फोन आला. "सुहास, पंचमी जवळ आली गं. तयारी झाली?"

"वन्सं, श्राद्ध तर मागच्या महिन्यातच झालं."

"अगं, काय केलंत हे! त्या उत्तरेकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येला. त्यांचा वैशाख कृष्ण म्हणजे आपला चैत्र! भालूची तिथी एकोणीस मेला आहे."

एवढ्यासाठी विचारत होते तर! स्वतःचा दिवस चुकलेला माणूस तारीख विचारणार नाही तर काय करणार? सुहासिनीनं रडत रडत सगळं सांगितलं.

हेमलता हळूच म्हणाली, "त्या दिवशी पान वाढ आणि सांग त्याला, आज तुमचा दिवस. मोकळा होईल गं."

मोकळे होतील. म्हणजे जातील. वर्षभर घर कसं खायला उठायचं ते तिलाच माहीत. आता निदान संध्याकाळी कोणीतरी तिला काही विचारत होतं. मानसला तारीख सांगायची ती राहूनच गेली, की तिनंच राहू दिली, देव जाणे.

एकोणीस तारीख उजाडली. तिनं खीर केली, वडे तळले, बाल्कनीत खुर्चीपुढे पान वाढलं. उत्तर तोंडपाठ होतं: ए इल दिचान्नोव्हे माज्जो. दिवसभर ती तेच पुटपुटत होती. उजेड कलला, गरम वाऱ्यानं केळीचं पान थरथरलं आणि घसा खाकरल्याचा आवाज आला.

"क्वान्ती ने आब्बियामो ओज्जी?"

या वेळी आवाज थकलेला होता. लांबून चालत आलेल्या माणसानं दारात पाणी मागावं तसा. तिला भडभडून आलं. तिनं तोंड उघडलं. शब्द ओठांवर होते.

"थांबा हं," ती म्हणाली, "दूध उतू जातंय."

आणि ती स्वयंपाकघरात जाऊन बंद गॅसपाशी उभी राहिली.