रिकामे कपडे

सुनेनं नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली आणि सदरा खुर्चीच्या पाठीला टेकवून बसवला. बाह्या टेबलावर ओढल्या. बुडाशी पायजमा, त्याच्या टोकांना चपला. घरी बसून लोकांचे कपडे शिवणारी बाई ती. आत माणूस असला की खांदा कसा बसतो आणि माणूस निघून गेला की कसा ढासळतो, हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. शेजारच्या खुर्चीवर तिनं आपला सकाळपासून अंगावर असलेला गाऊन काढून तसाच बसवला. दोन कपांत वाफाळता चहा ओतला, नळ बारीक सोडला. मग कोठीच्या खोलीत शिरून दार बोटभर उघडं ठेवलं.

सासूबाईंचा दुपारी डोळा लागला आणि नवऱ्याला कामावरून अचानक बोलावणं आलं. तो कपडे बदलून निघून गेला. अशी संधी पुन्हा चालून येणार नव्हती.

सासूबाईंना शेवटच्या दिवसांचं वेड होतं. बातम्यांत कुठं युद्ध पेटलं, कुठं जमीन हादरली, की त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी यायची. "आता फार दिवस नाहीत," त्या म्हणायच्या. प्रभू ढगांतून येईल, कर्णा वाजेल, मातीतले मेलेले उठतील, आणि त्याची माणसं अंगावरचे कपडे इथंच टाकून वर उचलली जातील. "एका घरात दोघी काम करत असतील. एक नेली जाईल, एक मागे राहील." राहणारी कोण, हे सांगायला त्यांना बोट दाखवावं लागत नसे, नुसती मान वळवली तरी पुरे व्हायचं.

तेही सून गिळत आली होती. पण मागच्या वर्षी, नाव ठेवायच्या आतच गेलेलं तिचं बाळ मातीत ठेवताना सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "बाप्तिस्मा झाला नव्हता. कर्णा वाजला तरी हे उठायचं नाही."

"आईचं मनावर घेऊ नकोस," नवरा म्हणाला होता.

निखारा राखेखाली जपावा तसं तिनं सासूबाईंचं ते वाक्य जपलं, आणि विझू दिलं नाही.

पलंग करकरला.

"अगं, नळ कुणी सोडलाय?"

नळ वाहतच राहिला.

"सूनबाई?"

भिंतीला धरत सासूबाई दारात आल्या आणि जागच्या जागी थबकल्या. फटीतून सून श्वास रोखून बघत राहिली. आता ओरडेल. आता ऊर बडवेल. एकच किंकाळी कानांवर पडली, की काळीज निवणार होतं.

सासूबाईंनी आधी सदऱ्याच्या कॉलरला हात लावला. मग कपाला. चहा गरम होता. चाचपडत जाऊन त्यांनी नळ बंद केला, परत आल्या, आणि गाऊन उचलून घेऊन त्याच खुर्चीवर बसल्या.

"मी राहिले," त्या म्हणाल्या.

किंकाळी आलीच नाही. त्यांनी गाऊन मांडीवर पसरला आणि त्याच्या बाहीवरची सुरकुती तळव्यानं सारखी करत राहिल्या.

"तुला नेलं. बरं झालं गं," त्या गाऊनला म्हणाल्या. "बाळ भेटलं असेल. घट्ट धर त्याला. आणि मी काय बोलले होते, ते त्याला सांगू नकोस."

सुनेनं बाहेर येताना म्हणायचं वाक्य घोकून ठेवलं होतं: कसं वाटतंय मागे राहायला? ते जिभेवरच चिकटलं. दार मात्र तिच्या हातानं ढकललं गेलं होतं.

सासूबाईंनी वर पाहिलं. आधी घाबरल्या. मग त्यांचा चेहरा असा पडला, की तसा तो स्वतःसाठीही पडला नव्हता.

"तुलाही ठेवलं?" त्यांनी तिचा हात पकडून तिला जवळ ओढलं. "भिऊ नकोस. दोघी आहोत आपण. मग तो एकटाच गेला?"

"कामावर गेलाय," सून म्हणाली. वर्षभर धार लावलेला आवाज आपसूक बाहेर पडला. "अंधार पडायच्या आत येईल."

सासूबाईंनी गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या सदऱ्याकडे पाहिलं. दोन कपांकडे पाहिलं. मग कोठीच्या उघड्या दाराकडे. पाहता पाहता त्यांची बोटं सुनेच्या मनगटावरून सुटली.

सून शिव्याशापांची वाट पाहत उभी राहिली. एकेका शब्दाला जबाब तयार होता.

सासूबाईंनी गाऊनची काठाला काठ लावून घडी घातली. हळूहळू, जणू आत कुणीतरी निजलं होतं.

"म्हणजे बाळापाशी अजून कुणीच पोचलेलं नाही," त्या म्हणाल्या.