चेंडू हातात नसताना

शाल्मलीचा कुणावरही विश्वास नव्हता, आणि ती ज्या कामात होती तिथे हा दुर्गुण न मानता पात्रता मानली जायची. नवरा नील म्हणायचा, "ही दुधाची तारीखसुद्धा दोनदा वाचते. एकदा बाटलीवर, एकदा माझ्या चेहऱ्यावर." त्याचं अगदीच खोटं नव्हतं. गाडी लॉक केली की बाई जरा पुढे जाऊन परत यायची आणि दार ओढून बघायची.

तिचं काम काय, ते नाशिकला माहेरी अजून कुणाला धड कळलेलं नाही. अमेरिकन फुटबॉल इंग्लंडातल्या विद्यापीठांमध्येही खेळतात, हेच मुळात फार जणांना ठाऊक नसतं. चिखलाचं मैदान, बघायला खेळाडूंच्या मैत्रिणी आणि एखादा कंटाळलेला कुत्रा, असा सगळा थाट. पण खेळ तोच, हेल्मेटं तीच. या पोरांमधून एखादा तयार गडी हेरून अमेरिकेतल्या व्यावसायिक क्लबांना सुचवायचा, असा धंदा हरीश चौबळ नावाच्या गृहस्थांनी मिल्टन कीन्समध्ये काढला होता. हरीशदादा मूळचे आयटीवाले, पण या खेळाने त्यांना झपाटलं होतं. शाल्मलीकडे त्यांनी रनिंग बॅक सोपवले होते. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या धटिंगणांमधून वाट काढत पळणारा गडी.

आता पळताना सगळेच देखणे दिसतात. प्रत्येक पोरगा आपले पळतानाचे तुकडे जोडून, वर दणदणीत गाणं लावून पाठवायचा. शाल्मली ते उघडतसुद्धा नसे. स्थळाकडून आलेला स्टुडिओतला फोटो बघून मुलगी कोण देतं? ती पूर्ण सामन्याचं शूटिंग मागवायची आणि चेंडू त्याच्या हातात नसताना तो काय करतो, तेवढंच बघायची. संघाचा फेकणारा गडी चेंडू फेकायला थांबतो, तेव्हा त्याच्यावर तुटून पडणाऱ्याला अंगावर घेणं हेही रनिंग बॅकचंच काम. त्याला ब्लॉकिंग म्हणतात. त्यात टाळ्या नाहीत, गाणं नाही, नुसता मार आहे. भले भले तिथे अंग चोरतात, आणि अंग चोरणारा शाल्मलीच्या नजरेतून सुटत नसे.

प्रत्येक खेळाडू दोघांनी बघायचा, एकमेकांशी न बोलता, आणि दहापैकी गुण द्यायचे, अशी हरीशदादांची शिस्त. दोघांचे गुण वेगळे पडले, की सोमवारच्या मीटिंगमध्ये शूटिंग लावायचं आणि भांडायचं. गुण जुळले, तर बोलण्याचं कारणच नाही. तो आकडा पक्का, आणि सहाच्या खाली असला तर गडी बाद. दुसरा गुण देणारा होता अनिश. बर्मिंगहॅमला जन्मलेला, डॉक्टर आईबापांचा मुलगा, विद्यापीठात स्वतः रनिंग बॅक खेळलेला. दोघंही मराठी, म्हणून हरीशदादांनी सुरुवातीलाच दम भरला होता, "मंडळाच्या गणपतीत भेटलात तरी खेळाडूंबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आपल्याच माणसांना घेतलं म्हणून लोक आधीच मला नावं ठेवतात. आपापसात ठरवून गुण दिले, असं उद्या कुणी म्हणायला नको."

पहिले काही महिने अनिश ढिसाळ होता. कुणी छान पळालं की हा खूश, लगेच आठ. शाल्मली चार म्हणायची, मग सोमवारी जुंपायची. त्यात तिला मजाही यायची, खोटं कशाला बोला. पण नाताळची सुट्टी संपली आणि अनिशचे गुण तिच्या गुणांशी जुळायला लागले. आधी अधूनमधून, मग जवळजवळ प्रत्येक वेळी. दोन घड्याळं एकच वेळ दाखवायला लागली, की लोक म्हणतात वेळ बरोबर आहे. शाल्मली म्हणते, कुणीतरी काटे फिरवलेत.

मग तिला पुरावे दिसायला लागले. शोधणाऱ्याला ते दिसतातच. अनिश तिच्या मागच्या टेबलावर बसायचा. ती गुण भरायला लागली, की नेमका चहा करायला उठायचा. परत येताना विचारायचा, "झाला तुझा?" याला काय पडलंय माझं झालं की नाही त्याचं, असं तिने आधी मनात म्हटलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की पडलंच असणार, म्हणून तर विचारतोय. तिने खुर्ची फिरवून घेतली. स्क्रीन भिंतीकडे केली. तरी गुण जुळतच राहिले.

"कुठेतरी पाणी मुरतंय," ती रविवारी पोहे करताना नीलला म्हणाली.

"मग सरळ विचार ना त्याला."

"चोराला विचारून चोरी सापडते का?"

"शालू, माणसं कधी कधी नुसती बरोबरसुद्धा असतात," नील म्हणाला. शाल्मलीने त्याच्याकडे असं बघितलं, की तो मुकाट्याने कोथिंबीर चिरायला लागला.

त्याच सुमारास टोबी अडेयेमीचं नाव आलं. अमेरिकेतल्या एका क्लबला उन्हाळ्याच्या शिबिरासाठी ब्रिटनमधून एकच रनिंग बॅक हवा होता, आणि तोही यंदा शिक्षण संपणाराच. टोबी बर्मिंगहॅमच्या एका विद्यापीठात शेवटच्या वर्षाला होता. या वेळी हुकलं की हुकलं, पुढच्या वर्षी त्याला कुणी विचारणार नव्हतं. शनिवारी सामना, बाकीचे दिवस पार्सलच्या गोदामात काम, असं त्याचं चाललं होतं.

शूटिंगवरही विश्वास नसल्यामुळे शाल्मली स्वतः सामना बघायला गेली. टोबी पळायला चांगला होताच. पण एका वेळी फेकणाऱ्यावर एक अवाढव्य पोरगा धावून आला, टोबीहून डोकंभर उंच. टोबी बाजूला झाला नाही. छाती आडवी घालून त्याने तो लोंढा घेतला, दोघं चिखलात कोसळले, चेंडू तिकडे सुखरूप गेला. मग टोबी उठला आणि त्या अवाढव्य पोराला हात देऊन त्यालाही उठवलं. इतका प्रामाणिक खेळाडू शाल्मलीने आजवर पाहिला नव्हता. नऊ, तिने मनात म्हटलं. तिने आयुष्यात कुणाला नऊ दिले नव्हते.

आणि परत येताना, गाडीत, तिच्या डोक्यात ती कल्पना आली.

टोबीला नऊ द्यायचे नाहीत, चार द्यायचे. ज्याला डोळे आहेत असा कुठलाही माणूस टोबीला चार देऊच शकत नाही. म्हणजे अनिशनेही चार दिले, तर तो मुद्देमालासकट सापडला. मग सोमवारी मीटिंगमध्ये उभं राहायचं, सगळं उघड करायचं आणि टोबीचे नऊ लावायचे. सापळा इतका सुरेख होता, की तिला त्या संध्याकाळी जेवण जास्त गोड लागलं. शुक्रवारी तिने गुण भरले. अनिश चहा करायला उठला. परत येताना म्हणाला, "झाला तुझा?"

"झालं," शाल्मली गोड हसून म्हणाली.

सोमवारी हरीशदादांनी कॉफीचा मग ठेवला आणि चष्मा लावला. "आज चर्चेला दोनच नावं आहेत. बाकी सगळे जुळलेत."

"टोबी अडेयेमी?" शाल्मलीने विचारलं.

"त्याचं काय? तुझे चार, याचे चार. मला वाटलं होतं पोरगा बरा आहे, पण दोघांनी चार दिल्यावर बोलायचं काय? सकाळीच बाद केला मी त्याला. दोघांचे चार-चार सांगून त्याला तसं कळवलंही."

खरं सांगायचं तर शाल्मलीला पहिला झाला तो आनंद. सापडला! तिने मान वळवून अनिशकडे पाहिलं. अनिश तिच्याकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर तंतोतंत तोच आनंद होता. हे काही तिला आवडलं नाही, आणि उभं राहून सगळं उघड करायचं तिने मीटिंग संपेपर्यंत लांबवलं.

मीटिंग संपताच अनिशने तिला किचनमध्ये गाठलं. "आय न्यू इट," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तू माझा ग्रेड कॉपी करतेस."

"मी? चोराच्या उलट्या बोंबा! जानेवारीपासून तू माझे गुण बघून भरतोयस!"

"मी कशाला बघू? शाल्मली, टोबी इज अ नाइन! मी मुद्दाम फोर लिहिला. बिकॉज कोणी ऑनेस्ट माणूस त्याला फोर देऊ शकत नाही. तू फोर दिलास, सो तू चीट करतेस."

शाल्मलीने हातातला मग ओट्यावर ठेवला. त्याच्या तोंडून तिचंच वाक्य आलं होतं. तिने ते पुन्हा मनात फिरवून पाहिलं, त्यात खोट सापडते का बघितलं, आणि आयुष्यात प्रथमच तिला खोट सापडायला हवी होती.

"तू मुद्दाम लिहिलेस?" तिने विचारलं.

"हो! आपले ग्रेड्स एवढे मॅच कसे होतात? मला वाटला तू माझ्या लॉगिनमध्ये... एक मिनिट." त्याचा चेहरा बदलला. "तू पण मुद्दाम?"

तिने मान डोलावली.

"पण मग आधीचे सगळे?" ती म्हणाली. "आधीचे कसे जुळले?"

"ख्रिसमसच्या आधी तू मला ओरडली होतीस ना? पळणं काय बघतोस, बॉल हातात नसताना बघ, म्हणालीस. सो मी तसंच करायला लागलो. ओन्ली दॅट." तो जरा लाजला. "तू राइट होतीस म्हणून."

म्हणजे चोरी झालीच नव्हती. तिने शिकवलं, तो शिकला, आणि दोघांना एकच खरं दिसायला लागलं. शाल्मलीला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. गुण जुळले की चर्चा होत नाही, हा नियम तिला पाठ होता, तरी अनिशला पकडायच्या नादात तो तिला आठवलाच नव्हता. सापळा लागू पडला तर टोबी मरणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही नव्हता.

"क्लबला लिस्ट केव्हा जातेय?" तिने विचारलं.

"आज दुपारी."

दोघं तडक हरीशदादांच्या केबिनमध्ये गेले. शाल्मलीने काहीही न लपवता सगळं सांगितलं. मध्ये मध्ये अनिश बोलला, "माझा पण चूक आहे, दादा," असंही म्हणाला. हरीशदादांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढला.

"म्हणजे दोघांनी, एकमेकांना न सांगता, त्याच आठवड्यात, त्याच पोराला, तेच खोटे चार दिले."

"हो," शाल्मली म्हणाली. तिच्याच कानाला ते थापेसारखं लागलं.

"आणि आता दोघांचं एकमत आहे, की तो नऊचा आहे. एकच जागा आहे, लिस्ट जायला थोडा वेळ उरलाय, आणि तुम्ही दोघं हातात हात घालून माझ्याकडे आलात." ते खुर्चीत मागे रेलले. "तुमचे गुण जुळत होते तेव्हा मला कधी शंका आली नाही. आज तुमची गोष्ट जुळतेय, तेव्हा येतेय. खरं सांगा, त्या पोराचं तुमच्याकडे कोण येऊन गेलं?"

"दादा, कुणीही नाही! तुम्ही शूटिंग लावा ना. तुम्हीच बघा."

"मला बघून कळत असतं, तर तुम्हाला कशाला ठेवलं असतं? आणि उद्या क्लबने विचारलं की चाराचे नऊ कुणी केले, तर काय सांगू? माझ्या दोन मराठी माणसांनी आपापसात ठरवून केले?"

त्या खुर्चीत शाल्मली असती, तर तिनेही हेच विचारलं असतं. यापेक्षा वाईट विचारलं असतं. अनिश रडकुंडीला येऊन इंग्रजीत काहीतरी विनवत होता. हरीशदादा म्हणाले, "तुमचं काय करायचं ते उद्या बघू," आणि त्यांच्यासमोरच टोबीशिवाय यादी अमेरिकेला पाठवून दिली.

संध्याकाळी शाल्मली पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिली. हरीशदादांना पटलं नाही ते नाही, निदान ज्याचं नुकसान केलं त्याला तरी खरं सांगायला हवं. तिने टोबीला फोन लावला. पाठीमागे गोदामातल्या ट्रॉल्यांचा खडखडाट ऐकू येत होता. तिने आपलं नाव सांगितलं आणि श्वास न घेता बोलून टाकलं, की तुझं ब्लॉकिंग उत्तम आहे, मी इतकं चांगलं कुणाचं पाहिलं नाही, चार गुण खोटे होते, ते मी दिले आणि चूक सर्वस्वी माझी आहे.



"तुम्ही फोन केलात, हा तुमचा चांगुलपणा आहे," टोबी म्हणाला. त्याचा आवाज अगदी सभ्य होता. "पण असं काही सांगायची गरज नाही. मी लहान नाही."

"टोबी, मी तुझं सांत्वन करत नाहीये. खरंच सांगतेय."

"दोन वेगवेगळ्या माणसांनी मला चार दिलेत, मॅडम. एकाने दिले असते, तर मी म्हटलं असतं त्याचं चुकलं. दोघांचं कसं चुकेल?" तो जरासा हसला. "मला आजवर सगळे चांगलंच म्हणायचे. तेव्हाच मला संशय यायला हवा होता."

"नाही, टोबी, ऐक..."

"माझा ब्रेक संपला," तो म्हणाला, आभार मानून त्याने फोन ठेवला, आणि तिने पुन्हा लावला तेव्हा तो उचलला नाही.