काचेच्या जातीचं लोखंड

राजाबाई खरवईहून अंबरनाथच्या कारखान्यात कामाला येऊ लागली त्याला नऊ वर्षं झाली होती. तिथे ट्रान्सफॉर्मरचे गाभे बनत. कागदाहून पातळ, चकचकीत पट्टी गुंडाळून भट्टीत तापवायची, आणि गार झाली की एकेक पदर हलक्या हाताने जुळवून गाभा बंद करायचा. हे शेवटचं काम राजाबाईचं.

त्यात वरद हा नवा इंजिनीयर आला. बदलापूरचा, डॉक्टरेट केलेला. पहिल्याच दिवशी त्याने बायकांना गोळा केलं.

“मावशी, हे साधं लोखंड नाही. ही धातूची काच आहे.”

राजाबाईने पट्टी डोळ्यांसमोर धरली. “काच? मग पलीकडचं दिसत कसं नाय?”

बायका फिसकन हसल्या. वरद मात्र मनापासून सांगत राहिला. “साध्या धातूत अणू रांगेत बसतात. इथे वितळलेला रस इतक्या झटक्यात गोठवतात, की रांग धरायला त्यांना वेळच मिळत नाही. असतील तिथे थिजतात.”

“म्हणजे पंगत बसायच्या आधीच वाढून मोकळे.”

“अगदी तसंच!” म्हणत वरदने ते वहीत उतरवून घेतलं. राजाबाईला पोरगा तिथेच आवडला.

मग त्याने एक पट्टी पार दुमडून दाखवली. सोडताच ती टणकन सरळ झाली. “बघा, किती चिवट!” त्याने दुसरी उचलली आणि दुमडली, तर तिचे तुकडे टेबलभर उडाले.

“ती भट्टीतून आलेली हाय, साहेब.”

“माहीत आहे मला. तापवल्यावर अणू आणखी दाटीने बसतात, मग सरकायला जागा उरत नाही.”

“माहीत हाय, तरी मोडलीत.”

पंधरा दिवसांनी राजाबाईच्या हातात एक गाभा आला. नेहमीची भाजलेली पट्टी निदान पाण्याच्या पेल्याभोवती वळायची. ही बोट लागताच कडाकड मोडत होती. तिने वरदला बोलावलं.

“भट्टीचा आकडा बरोबर आहे, मावशी.”

“मग आकड्यालाच सांगा पदर जुळवायला.”

मालक हरेशशेठ उल्हासनगरहून नुकतेच आले होते. “अरे राजाबाई, माल आज निकलना चाहिए!”

राजाबाईने हातातला गाभा खाली ठेवला. वरदने तिच्याकडे पाहिलं, मग पेला मागवला. पाच पट्ट्या त्याभोवती वळवल्या, पाचही मोडल्या. त्याचे कान लाल झाले. “शेठ, माल थांबवा,” तो म्हणाला.

तपासणीचा अहवाल चौथ्या दिवशी आला. भट्टीचा तापमापक खोटं सांगत होता. पट्टी जास्त तापली होती आणि आतले अणू रांगा धरू लागले होते. अख्खा माल बाद झाला, पण गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन नाही.

“किसने पकडा?” शेठनी विचारलं.

“राजाबाईंनी,” वरद म्हणाला. “मी तर आकडाच वाचत बसलो होतो.”

तिला हे आदराचं ‘बाईंनी’ ऐकून इतकं अवघडल्यासारखं झालं, की ती पदर सावरत उगाचच टेबल पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी वरद तिच्या शेजारी स्टूल ओढून बसला. “मला शिकवा ना पदर जुळवायला.”

तिसऱ्याच पदराला कडकन आवाज आला.

“हळू, साहेब,” राजाबाई म्हणाली. “पट्टीला डॉक्टरेट नाय कळत.”